सुकं वजन

मंगळवारी दुपारी दत्ताराम चपला काढून वजनकाट्यावर चढला, की त्याची बायको जानकी पाठीमागे उभी राहून आकड्याकडे बघायची. दहावीचा निकाल बघणाऱ्या आईचा चेहरा व्हायचा तिचा. त्या मंगळवारी आकडे थोडे वरखाली झाले आणि पंचावन्न पॉइंट सहावर येऊन थांबले.

"तीन किलो सहाशे वाढलं," यंत्र चालवणारा कुंडलिक म्हणाला आणि त्याने फायलीत लिहिलं. "शनिवारी बावन्नवर घरी पाठवलं होतं काका तुम्हाला. तीन दिवसांत साडेतीन लिटर पाणी कुठनं आणलंत?"

दत्ताराम काट्यावरून उतरला, चपला शोधल्या, आणि आपल्या ठरलेल्या खाटेकडे निघाला. बोलली ती जानकी. मुलुंडच्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात बाहेरच्या बाकावर बसलेल्या झाडून सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "चोरून पितात! मी मोजून देते, मापाने देते, आणि हे माझी पाठ वळली की चोरून पितात. सत्तर वर्षांचा माणूस, लाज कशी वाटत नाही म्हणते मी!"

बाकावरच्या लताने मान खाली घातली. लताचा भाऊ शेजारच्याच खाटेवर असायचा. तिलाही हे सगळं नवीन नव्हतं.

दत्तारामच्या दोन्ही किडन्या रक्तदाबाने खाल्ल्या होत्या. दोन वर्षं झाली, त्याला लघवी होत नव्हती. पोटात जे पाणी जाईल ते अंगातच राहायचं: आधी पायांवर सूज, मग तोंडावर, मग छातीत. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार चार तास यंत्राला बांधून ते पाणी बाहेर काढायचं. सगळं जादाचं पाणी काढून टाकल्यावर जे वजन उरतं त्याला केंद्रातली माणसं सुकं वजन म्हणत. दत्तारामचं सुकं वजन बावन्न किलो. लग्नात तो अडुसष्ट होता, हे जानकीला पाठ होतं.

बावन्नच्या वर किती, यावर सगळं अडलं होतं. गावी, कुडाळजवळ, दत्तारामची मोठी बहीण द्रौपदीआक्का अंथरुणाला खिळली होती. वय चौऱ्याऐंशी. आई गेली तेव्हा दत्ताराम तीन वर्षांचा होता आणि आक्काने त्याला कडेवर घेऊन वाढवलं. एकदा तरी त्याला बघायचं म्हणून ती बसली होती, म्हणजे निजली होती. तालुक्याला आता डायलिसिस होत असे, आठवडाभर जाऊन यायला हरकत नव्हती. फक्त इथल्या डॉक्टर रश्मी मॅडमनी तिथल्या केंद्राला पत्र लिहून द्यायला हवं होतं, आणि मॅडमची अट साधी होती. ओळीने तीन मंगळवार अडीच किलोच्या आत दाखवा, पत्र घेऊन जा. "तिकडे रात्री-अपरात्री छातीत पाणी झालं तर धावपळ कोण करणार?" असं त्या म्हणाल्या होत्या आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दोन महिने झाले होते. ओळीने तीन सोडा, एकही मंगळवार अडीचच्या आत आला नव्हता. गावाहून पुतण्याचा फोन आठवड्यातून दोनदा यायचा, आणि प्रत्येक फोनला आक्का थोडी कमी बोलायची.

खाटांची खोली आणि बाहेरचा बाक यांच्या मध्ये जाड काचेचं दार होतं. जानकी चार तास त्या काचेतून नवऱ्याकडे बघत बसे. दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही. त्या दिवशी तिसऱ्या तासाला दत्तारामने एकदम गुडघा पोटाशी घेतला, तोंड वासलं आणि दोन्ही हातांनी पोटरी धरली. कुंडलिक धावत आला, यंत्रावरचं बटण फिरवलं, पाय ताणून धरला. जानकी काचेला हात लावून उभी होती. त्याच्या ओरडण्यातलं तिच्यापर्यंत काहीसुद्धा आलं नाही, आणि तिच्या मते तेच सगळ्यात वाईट होतं.

पाय सुटल्यावर कुंडलिक बाहेर येऊन तिच्याजवळ बसला. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढलेला, मूळचा बुलढाण्याकडचा, पस्तिशीचा माणूस. त्याला चिडताना कोणी पाहिलं नव्हतं. हातात वापरून झालेला एक फिल्टर होता, वीतभर लांबीची पारदर्शक नळकांडी, आत पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा.

"मावशी, हे बघा. हे दोरे नाहीत, नळ्या आहेत. केसाएवढ्या. दहा हजार असतील. ह्यांच्या आतून काकांचं रक्त जातं, बाहेरून आपलं पाणी जातं. नळीच्या भिंतीला भोकं असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. रक्तातली घाण बारीक, ती भोकातून पार होते. मीठ पार होतं. रक्ताचे कण मोठे, ते आत राहतात."

"आणि पाणी?"

"पाणी आपण ओढून घेतो. पण त्यालाही वेळ लागतो ना. चार तासांत दोन-अडीच लिटर आरामात येतं. साडेतीन ओढायला गेलं की अंग आवळतं, पायात गोळे येतात, बीपी बसतं. भिंत तीच, भोकं तेवढीच, आपण घाई करून काय होणार?" त्याने फिल्टर तिच्यापुढे धरला. "काकांना ओरडू नका एवढं. त्रास त्यांनाच होतो."

"ओरडू नको तर काय आरती करू?" जानकी म्हणाली. पण फिल्टर तिने हातात घेतला, उजेडात धरला, आणि बराच वेळ त्या केसाएवढ्या नळ्यांची भोकं दिसतात का ते बघत राहिली.

कांजूरमार्गच्या घरी तिने पहारा आणखी कडक केला. सुनेने, श्रुतिकाने, आधीच सगळं शिस्तीत बसवून दिलं होतं. अर्ध्या लिटरचा मापाचा मग आणला होता, फ्रिजवर कागद चिकटवला होता: पाणी, चहा, दूध, ताक, डाळ, सार. जे पोटात जाईल ते मापून लिहायचं आणि दिवसाला सातशेवर थांबायचं. कागद रोज सहाशे ऐंशी, सातशे, सहाशे नव्वद असा भरायचा. कागदाप्रमाणे दत्ताराम ठणठणीत असायला हवा होता. म्हणजे कुठेतरी चोरी होत होती, आणि घरात चोर म्हणता येईल असा माणूस एकच होता.

मग जानकीने फ्रिजला कुलूप लावलं. पाण्याचं पिंप मोरीतून स्वयंपाकघरात आणलं, म्हणजे झाकण वाजलं तर कळेल. तो आंघोळीला गेला की दाराला कान लावून उभी राहायची. चूळ भरताना गिळतो की काय म्हणून एकदा तिने दात घासतानासुद्धा त्याच्यासमोर खुर्ची टाकली. श्रुतिका म्हणाली, "आई, अती होतंय हां हे." प्रीतम, मुलगा, काहीच म्हणाला नाही. तो बापाच्या वाटेला जात नसे आणि आईच्या तर मुळीच नाही.

दत्ताराम हे सगळं निमूट सोसत होता. तोच निमूटपणा जानकीला जास्त चिडवायचा. गिरणी बंद पडेपर्यंत तो परळच्या एका गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात होता, नंतर भांडुपच्या कारखान्यात. दोन्हीकडे युनियनमध्ये भांडणारा म्हणून ओळखला गेलेला माणूस. आता बायको चार माणसांत चोर म्हणते आणि हा गप्प, याचा अर्थ तिने एकच काढला होता.

त्याच्यासाठी काय रांधायचं हाही आता प्रश्नच होता. आहाराचा तक्ता देणाऱ्या चष्मेवाल्या मुलीने एकेक करून सगळं काढून घेतलं होतं. नारळ नाही. सुकी मासळी नाही. सोलकढी नाही, केळं नाही, लोणचं नाही. भाजी चिरून दोनदा उकडायची आणि ते पाणी फेकायचं, म्हणजे त्यातले नको ते क्षार पाण्याबरोबर निघून जातात. ते निघून जातात खरे, पण त्यांच्यामागोमाग चवही जाते, हे त्या मुलीला कोणी सांगावं? बेचाळीस वर्षं जिच्या हातच्या माशांच्या तिखल्याची शेजारीपाजारी तारीफ करायचे, ती जानकी आता पडवळ उकडून पिळून ताटात वाढायची आणि त्याच्याकडे बघायची नाही.

एक पेज तेवढी राहिली होती. पहाटे पाचला उठून ती गावाकडचे लाल तांदूळ धुवायची, टोपात चढवायची, सावकाश शिजवायची. साडेसहाला, प्रीतम-श्रुतिका उठायच्या आत, दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसून पेज जेवायची. मिठाचा कण नाही, सोबत खारातली मिरची नाही. तरी दत्ताराम वाडगा तोंडाला लावायचा, शेवटचं शीत बोटाने निपटायचा, आणि "बरी झाली" म्हणायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेला चांगला शब्द बहुधा तेवढाच. तक्तेवालीने सकाळचं काय विचारलं होतं तेव्हा त्या पोरीला पेज कुठली ठाऊक असणार म्हणून जानकीने तिला समजेल असं सांगितलं होतं. मऊ भात. मुलीने लिहून घेतलं होतं, चालेल म्हणाली होती.

पुढच्या मंगळवारी तीन किलो चारशे. जानकी पुन्हा बाकावरच्या लोकांसमोर बोलली, आणि या वेळी जरा जास्तच बोलली. "आक्का तिथे डोळे लावून बसलीय आणि ह्यांना घोटभर पाण्यापुढे बहीण दिसत नाही," असंही म्हणाली. दत्तारामने तिच्याकडे एकदा पाहिलं. नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात केंद्रातलं पाणी शुद्ध करणारं यंत्र दुरुस्तीला काढायचं होतं, म्हणून दुपारच्या लोकांना गुरुवारी सकाळी सातला बोलावलं. जानकीची पंचाईत झाली. सातला मुलुंडला पोचायचं तर सहाला रिक्षा, म्हणजे पेज घरी होणार नाही, आणि उपाशी माणसाला यंत्रावर कसं झोपवायचं? तिने पेज डब्यात भरली, झाकणाला फडकं बांधलं, आणि रिक्षात पूर्ण वेळ डबा मांडीवर सरळ धरून बसली.

केंद्रात त्यांचा नंबर यायला वेळ होता. तिने बाकावर वाडगा काढला, डबा उघडला आणि ओतायला लागली. गरम पेजेचा वास सुटला, तशी लता म्हणाली, "काय मस्त वास येतोय गं मावशी." जानकी मनातून सुखावली. तेवढ्यात कुंडलिक फायली घेऊन बाजूने जात होता, तो थांबला.

"मावशी, हे काय?"

"पेज. सकाळचं जेवण त्यांचं."

"रोज?"

"रोज म्हणजे? जन्मापासून."

"हे कागदावर लिहिता ना तुम्ही? मापून?"

"जेवण कशाला मापू? भात मापतात का कोणी?"

कुंडलिकने वाडग्यात डोकावून बघितलं. "आमच्याकडे माझी आजी ताप आला की असलं काहीतरी द्यायची. आम्ही पितोच ते," तो हळू म्हणाला.

"तुमच्याकडे तापाला. आमच्याकडे रोजची," जानकी म्हणाली. तिला ते लागलं. पेजेला औषधाच्या पंक्तीला बसवलेलं तिला चाललं नाही.

"कुंडलिक, राहू दे रे," दत्ताराम मध्येच म्हणाला. इतका वेळ तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. "मला आज भूक नाही. नको मला ती."

कुंडलिकने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "मावशी, मी काही म्हणत नाही. घरी गेल्यावर एकदा गाळून बघा फक्त," तो म्हणाला आणि आत गेला.

घरी पोचायला एक वाजला. दत्ताराम नेहमीसारखा गळून पलंगावर आडवा झाला. घरात दुसरं कोणी नव्हतं. जानकी ओट्यापाशी उभी राहिली. तिला ते करायचं नव्हतं. पण कुंडलिकने सांगितलं म्हणून नाही, तर तो कसा चुकला हे त्याला शनिवारी सांगता यावं म्हणून तिने मोठी गाळणी काढली, खाली श्रुतिकाचा मापाचा मग ठेवला, आणि रोज दत्तारामच्या वाडग्यात जेवढी वाढायची तेवढी पेज वरून ओतली.

सकाळची पेज थंड होऊन दाट झाली होती. हळूहळू थेंब पडायला लागले, मग धार लागली. जानकी बघत होती. पाणी तांबूस होतं आणि पाण्यासारखंच पडत होतं. मगावरची शंभरची रेघ गेली, दोनशेची गेली. तिला वाटलं आता थांबेल. तीनशे. तिने गाळणी हलवली नाही, शितं चेपली नाहीत, नुसती धरून उभी राहिली. धार बारीक झाली, पुन्हा थेंब झाले, आणि मगातलं पाणी पाचशेच्या रेघेच्या एक बोट खाली येऊन थांबलं.

वर गाळणीत मूठभर भात होता. खरंच मूठभर. तिने मूठ धरून बघितली.

तिने हिशेब केला नाही, तो आपोआपच झाला. शनिवार संध्याकाळ ते मंगळवार दुपार, मध्ये तीन सकाळी. तीन वाडगे. जवळजवळ दीड लिटर. साडेतीनातून दीड गेले की राहिले दोन. कुलूप फ्रिजला, पहारा मोरीवर, खुर्ची दात घासण्यापुढे, आणि पाणी रोज पहाटे तिच्याच हाताने, तिच्याच पळीने, वाडगा भरून त्याच्या पोटात जात होतं. आणि ती त्याला चोर म्हणत होती.

जानकी मग तसाच हातात घेऊन पलंगाशी गेली. वाटेत थोडं पाणी लादीवर सांडलं.

"हां बघा," ती म्हणाली. "मीच पाजी होतंय तुमका. मीच."

दत्तारामने डोळे उघडले. मगाकडे पाहिलं. त्याला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. तो हात टेकून उठून बसला.

"ठेव ता खाली. सांडतला," तो म्हणाला.

जानकी त्याच्याकडे बघत राहिली. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाचा चेहरा वाचायला तिला कधी चष्मा लागला नव्हता.

"तुमका म्हायत होता," ती म्हणाली.

त्याने उशी पाठीशी ओढली.

"तुमका म्हायत होता! कधीपास्ना?"

"नऊ वर्षा मिलात खळ शिजवलंय मी," दत्ताराम म्हणाला. "कांजीत पाणी किती आसता ता तू माका शिकवतलंस?"

"मगे सांगूक काय झाला? दोन महिने! मी तुमका चार माणसांत चोर म्हटलंय. दाराक कान लावन रवलंय. सुनेसमोर, त्या लतासमोर..."

"म्हटलंस. म्हणान काय झाला? माझा काय गेला?"

"पायात गोळे येत होते ते कोणाच्या?"

खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या बाल्कनीत कोणीतरी चादर झटकत होतं, तिकडे त्याने बघितलं. मग हळू, शब्द शोधत बोलला. "तुझ्या हातातसून सगळा काढून घेतल्यानी. नारळ गेलो. मासे गेले. सार गेला. रवली ती पेज. पाचाक उठतंस, तांदूळ धुतंस, माझ्यासमोर बसतंस. ती पण मी काढून घेतलंय असतंय तर तू सकाळी उठान काय केलं असतंस?"

जानकीला रडू आलं, पण आधी राग आला. असा राग की हातातला मग त्याच्या डोक्यावर उपडा करावा. "आणि आक्का? आक्काक भेटूचा नाय तुमका?"

"व्हया."

"मगे?"

"दोन्ही व्हया होता," तो म्हणाला. सत्तर वर्षांचा माणूस, पण हे बोलताना आवाज कडेवरच्या पोराचा झाला होता.

जानकी पलंगाच्या कडेला बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. त्याने तिची समजूत काढली नाही, तशी त्याला कधी काढता आली नव्हती. तो फक्त बाजूला सरकला आणि तिला नीट बसायला जागा करून दिली. थोड्या वेळाने ती उठली, लादीवरचं पाणी पुसलं, आणि गाळणीतला तो मूठभर भात ताटलीत घेऊन आली. "ह्या जेवा," म्हणाली. तो जेवला. जेवून झाल्यावर ती वाट बघत उभी राहिली.

"बरो झालो," तो म्हणाला.

शनिवारी केंद्रात गेल्यावर जानकीने दत्तारामला काट्यावर चढू दिलं नाही. आधी ती बाकासमोर जाऊन उभी राहिली. लता होती, आणखी चार-पाच जणं होती, काचेच्या दारापाशी कुंडलिक होता. "सगळ्यांनी ऐका गं," ती म्हणाली, ज्या आवाजात चोर म्हटलं होतं त्याच आवाजात. "मी ह्यांना इतके दिवस चोर म्हणत होते ना, ते खोटं. एक घोट चोरून प्यायले नाहीत ते. पाणी मी घालत होते. रोज अर्धा लिटर, पेजेतून, माझ्या अडाणीपणाने. आणि ह्यांना ते ठाऊक होतं आणि हे माझ्यासाठी गप्प बसले. आता कोणी ह्यांच्याकडे तसं बघायचं नाही. बघायचं तर माझ्याकडे बघा."

दत्ताराम मान खाली घालून चपला काढत होता, आणि एक चप्पल काढायला त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. लताने डोळे पुसले आणि म्हणाली, "मावशी, मी पण भावाला ताकातलं काहीतरी देते गं रोज, ते पण बघायला पाहिजे बहुतेक." सगळे हसले. कुंडलिक सगळ्यात आधी हसला.

जानकी आताही पाचला उठायची. तांदूळ धुवायची, शिजवायची, गाळणीतून निथळायची, आणि दोघं समोरासमोर बसून मऊ भात जेवायची. निथळलेलं पाणी ती स्वतः प्यायची, फेकवत नसे. त्यानंतरच्या मंगळवारी दोन किलो दोनशे भरले. पुढच्या मंगळवारी दोन शंभर. तिसऱ्या मंगळवारी तिने काट्याकडे बघायचं नाही ठरवलं आणि सगळ्यांत आधी तिनेच बघितलं. दोन तीनशे. रश्मी मॅडमनी पत्रावर सही केली, तारखा घातल्या, आणि "काका, जिंकलात," म्हणाल्या.

संध्याकाळी गावी फोन लावला. पुतण्याने फोन आक्काच्या कानाशी धरला. आक्काचा आवाज लांबून, फाटक्या कापडातून यावा तसा आला. जानकीने कळवलं, सोमवारी येतो, दोघंही, आठ दिवस. मग आक्का म्हणाली, "दत्तूक सांग, मी उठतलंय. कोणी माका धरल्यानी तर चुलीपाशी बसतलंय. त्याका माझ्या हातची पेज घालतलंय. तो लहान होतो तेव्हा तीन वाडगे जेवी."

जानकीने फोन कानाला घट्ट धरला. दत्ताराम समोर खुर्चीत बसला होता आणि काय चाललंय ते तिच्या तोंडावरून ओळखायचा प्रयत्न करत होता. आक्काला सगळं सांगता आलं असतं. पुतण्याला फोन द्या म्हणून त्याला समजावता आलं असतं. सातशेचं माप, गाळणी, फिल्टर, सगळं.

"करा, आक्कानू," ती म्हणाली. "वाडगोभर करा. त्यांका आवडता."

फोन ठेवल्यावर दत्तारामने विचारलं, "काय म्हणाली?"

"काय नाय," जानकी म्हणाली. "तुमची वाट बघता." आणि आक्का पेज घालेल त्या दिवशी सकाळचा त्याचा चहा आणि दुपारची डाळ काढून टाकली तर एक वाडगा बसतो की नाही, हे मनाशी मापत ती बॅग भरायला उठली.